"ते मांजर तर लगेच उठतं" : कार्टून, पडद्यावरची मारामारी आणि आपली मुलं

(बारामती येथे पालक, शिक्षक आणि अंगणवाडीताईंसमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथं सतरंजीवर भरपूर जागा आहे. इंदापूरकडच्या मंडळींना परत जायचंय, त्यामुळं मी वेळेत संपवीन.

मागं इंदापूर तालुक्यातल्या एका गावात याच विषयावर बोलायला गेलो होतो. कार्यक्रम संपला, माणसं पांगली आणि एक आजी थांबल्या. बोट धरून नातू. म्हणाल्या, "सर, तुम्ही मारामारीचं बोललात. माझं जरा येगळं हाय. ह्याचे आजोबा दिवाळीच्या आधी गेले. ह्यानं समदं बघितलं. चार वर्षांचं लेकरू. तिसऱ्या दिवशी मला म्हणतंय, आजी, आजोबा अजून का उठंनात? ते मांजर तर लगेच उठतं."

ते मांजर म्हणजे टॉम. 'टॉम अँड जेरी'तला. 1940 साली विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी ही जोडी पडद्यावर आणली. तेव्हापासून तो बिचारा मार खातोय. तव्यानं चपटा होतो, शेपटी दारात चेंगरते, तोंडाशी फटाका फुटून काळा पडतो. आणि पुढच्या चित्रात? ठणठणीत. आपण हसतो. मीही हसतो, खोटं कशाला सांगू.

आपण पालक नेहमी एकच प्रश्न विचारतो : कार्टून बघून पोरगं मारकुटं होतं का? आजींचा प्रश्न त्याच्या खालच्या थरातला आहे. मारल्यावर काय होतं, लागणं म्हणजे काय, मरणं म्हणजे काय, हे लेकरू कुणाकडून शिकतंय? आज मी या दोन्ही प्रश्नांबद्दल बोलणार आहे.

गोष्टीतली मारामारी जुनीच आहे

आधी एक कबुली देऊ. आपल्या गोष्टींत हिंसा नव्हती आणि ती टीव्हीनं आणली, असं अजिबात नाही. आपण बारामतीत बसलोय. कऱ्हेकाठच्या या गावात मोरोपंतांनी आयुष्य घालवलं. बाबूजी नाईकांच्या आश्रयानं राहून त्यांनी आर्येत अख्खं महाभारत सांगितलं. महाभारत म्हणजे काय, भावाभावांतलं युद्धच की. दुःशासनाची छाती फोडणं आहे, झोपलेल्या मुलांना रात्री मारणं आहे. आणि ते कीर्तनातून लहान पोरांच्या कानावर पडतच होतं.

इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नीरा आणि भीमा जिथं मिळतात तिथं, नीरा नरसिंहपूर. आपल्यापैकी कित्येकांचं कुलदैवत. प्रल्हादानं संगमावर वाळूची मूर्ती केली, अशी तिथली कथा. आता नरसिंहाची गोष्ट आठवा. उंबऱ्यावर बसून, मांडीवर घेऊन, नखांनी पोट फाडलं. यापेक्षा भयंकर दृश्य कुठल्या कार्टूनमध्ये आहे?

आणि बघा, योगायोग कसा. जुलै 2025 मध्ये हीच गोष्ट ॲनिमेशनमध्ये आली. अश्विन कुमार यांनी दिग्दर्शित केलेला 'महावतार नरसिंह'. प्रचंड चालला. घरंच्या घरं गेली बघायला, आजी-आजोबा, कडेवरची लेकरं, सगळी. देवाचं आहे, शिवाय कार्टून आहे, म्हणजे मुलांचंच असणार, असा आपला हिशेब.

मग फरक काय? आजीनं सांगितलेला नरसिंह आणि पडद्यावरचा नरसिंह, गोष्ट तीच. तरी मला तीन फरक दिसतात.

पहिला, आजीच्या गोष्टीत चित्र लेकराच्या डोक्यात तयार होतं, आणि ते लेकराला झेपेल तेवढंच तयार होतं. पडद्यावर चित्र मोठ्या माणसानं केलेलं असतं, आवाजासकट. दुसरा, आजी लेकराच्या तोंडाकडं बघत सांगते. डोळे मोठे झाले, अंगाला बिलगलं, की आजी आवाज खाली आणते. "भिऊ नको, प्रल्हाद हसत होता बरं का." पडदा लेकराच्या तोंडाकडं बघत नाही. आणि तिसरा, गोष्ट संपते. आजी म्हणते, झोप आता. मोबाईलवरची गोष्ट संपत नाही. एक संपायच्या आत दुसरी सुरू.

हे तीन फरक लक्षात ठेवा. उपाय सगळे यातूनच निघणार आहेत.

बाहुली, हातोडा आणि मांजरीचा वेष

आता जरा शास्त्राकडं येऊ. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बँडुरा नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. 1961 साली त्यांनी 72 मुलांवर प्रयोग केला. तीन ते सहा वर्षांच्या आतबाहेरची मुलं. एक मोठी, हवा भरलेली बाहुली. खाली वजन असतं, ढकलली की परत उभी राहते, तसली. नाव बोबो. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसानं त्या बाहुलीला लाथा घातल्या, हातोड्यानं बडवलं, उचलून आपटलं. काही मुलांसमोर मोठा माणूस गुपचूप दुसरी खेळणी खेळला. नंतर मुलांना थोडं चिडवलं, म्हणजे छान खेळणी दाखवून काढून घेतली, आणि बाहुलीच्या खोलीत सोडलं. ज्यांनी मारहाण पाहिली होती त्यांनी बाहुलीला बडवलं. नुसतं बडवलं नाही, तशीच लाथ, तसाच हातोडा, तेच शब्द.

1963 साली पुढचा प्रयोग झाला, आपल्या विषयाच्या अगदी जवळचा. आता 96 मुलं. काहींनी मारहाण समोर पाहिली, काहींनी फिल्मवर, आणि काहींनी कार्टूनसारखी. एका बाईला काळ्या मांजरीचा वेष चढवला, मागं खोटी झाडं, खोटं गवत, आणि ते टीव्हीवर दाखवलं. निकाल काय? फिल्म पाहिलेली आणि मांजर पाहिलेली मुलं, काहीच न पाहिलेल्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट आक्रमक वागली. "कार्टूनच आहे, खरं थोडंच आहे" हे आपण म्हणतो. त्या वयाच्या मुलाच्या हातापायांना हे कळत नाही.

1965 चा तिसरा प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फिल्ममध्ये मारणाऱ्याला काही मुलांसमोर बक्षीस मिळालं, काहींसमोर शिक्षा झाली. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. इथपर्यंत ठीक. पण नंतर सगळ्यांना सांगितलं, "त्यानं काय केलं ते करून दाखव, खाऊ मिळेल." तर सगळ्यांनी जवळजवळ सारखंच करून दाखवलं! म्हणजे शिकली सगळीच होती. करायचं की नाही, एवढंच त्यांनी परिस्थिती बघून ठरवलं. शिकणं वेगळं आणि करणं वेगळं. आपलं मूल काही करत नाही म्हणून त्यानं काही घेतलं नाही, असं समजू नका.

आता उलट बाजूही ऐका, नाहीतर मी अर्धवट बोलल्यासारखं होईल. या प्रयोगांवर टीका झाली, आणि रास्त झाली. बोबो ही बडवायचीच बाहुली आहे. तिला मारणं आणि वर्गातल्या पोराला मारणं एक नाही. शिवाय हे परिणाम प्रयोगानंतर लगेच मोजलेले आहेत.

म्हणून लांब पल्ल्याचे अभ्यास बघायचे. रोवेल ह्यूसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली शिकागो भागातल्या सहा ते दहा वर्षांच्या मुलांची पाहणी केली, आणि पंधरा वर्षांनी त्यांतल्या 329 जणांना पुन्हा गाठलं. लहानपणी हिंसक कार्यक्रम जास्त पाहणारी मुलं मोठेपणी सरासरीनं जास्त आक्रमक निघाली. घरची परिस्थिती, बुद्धी, आईवडिलांचं वागणं हे सगळं हिशेबात धरूनही संबंध राहिला. त्यातही "हिरो म्हणजे मीच" आणि "टीव्हीत दिसतं तसंच खरं असतं" असं मानणाऱ्यांत तो अधिक होता. 2003 साली हे प्रसिद्ध झालं.

पण "सरासरीनं" हा शब्द विसरू नका. उसाचं उदाहरण घ्या. एक पाळी चुकली म्हणून फड वाळत नाही. पण जमीन हलकी, ऊन कडक आणि त्यात पाळी चुकली, तर उतारा घटतो. पडद्यावरची हिंसा तशी आहे. एकटी ती मुलाला गुंड करत नाही. घरात मारहाण, शाळेत अपमान, आईबापाला वेळ नाही, आणि त्यात रोज तीन तास मारामारी, असं जमलं की परिणाम दिसतो. घरात खरी मारहाण होत असेल, तर आधी ती थांबवा. कार्टूनचा नंबर नंतर.

मारकुटेपणा दिसतो, भीती दिसत नाही

मूल मारायला लागलं की शाळेतून निरोप येतो. मूल घाबरायला लागलं तर कुणालाच कळत नाही. रात्री दचकून उठणं, गादी ओली होणं, एकट्यानं मोरीत न जाणं, हे आपण हट्ट म्हणून धरतो.

1980 च्या दशकात अमेरिकेत स्पार्क्स आणि कँटर या संशोधकांनी 'द इनक्रेडिबल हल्क' या मालिकेवर अभ्यास केला. त्यात एक साधा, सज्जन माणूस संतापला की अजस्र हिरवा राक्षस होतो. पण तो चांगला असतो, लोकांना वाचवतो. मोठ्या मुलांना हे कळलं, त्यांना वाचवणारा आला म्हणून धीर वाटला. लहान मुलं मात्र नेमकी त्याच क्षणी, माणसाचा राक्षस होताना, घाबरली. साधारण सात वर्षांच्या आत मूल जे दिसतं त्याला भितं. हेतू, न्याय, धर्म हे नंतर कळतं.

आता नरसिंह आठवा. खांब फाटतो, सिंहाचं तोंड, माणसाचं धड. तुमच्या-माझ्यासाठी तो भक्ताला वाचवणारा देव. चार वर्षांच्या लेकरासाठी ते काय असेल?

फेब्रुवारी 2025 मध्ये 'छावा' आला. संभाजीराजांचा छळ पाहून थिएटरात मुलं हमसून रडतानाचे व्हिडिओ आपण एकमेकांना पाठवले. त्यात प्रेम होतं, अभिमान होता, ते मी नाकारत नाही. पण त्या चित्रपटाला 'यूए 16+' प्रमाणपत्र होतं. 2023 च्या दुरुस्तीनंतर यूएचे तीन भाग झाले : 7+, 13+ आणि 16+. यूए असेल तर थिएटरवाला मुलाला अडवत नाही. तो निर्णय कायद्यानं पालकांवर सोडला आहे. तो आकडा कुणी बघतं का? इतिहास मुलाला जरूर सांगा. राजांचं शौर्य सहाव्या वर्षी सांगा, त्यांचा छळ सोळाव्या वर्षी दाखवा. घाई कसली आहे?

आणि कार्टून म्हणजे निरुपद्रवी, हा समजही तपासू. 2014 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास आला. 1937 च्या 'स्नो व्हाइट'पासून 2013 च्या 'फ्रोझन'पर्यंतचे 45 गाजलेले मुलांचे ॲनिमेशनपट, आणि समोर मोठ्यांसाठीचे 90 चित्रपट. मुलांच्या चित्रपटांत महत्त्वाचं पात्र मरण्याचा धोका अडीच पट निघाला. त्यांत नायकाचे आईवडील मरण्याचा धोका पाच पट. 'फाइंडिंग निमो'मध्ये तर पहिल्या पाच मिनिटांत आई जाते.

हे सगळं वाईटच, असं मी म्हणत नाही. मरण आहेच जगात. शेजारी मोठं माणूस असेल तर अशा चित्रपटातून मूल दुःखाबद्दल बोलायला शिकतं. प्रश्न शेजारी कुणी आहे का, एवढाच आहे.

मोबाईल कुणाच्या हातात आहे?

आपल्या भागाकडं येऊ. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कारखान्यांचा पट्टा. हंगामात बीड-नगरकडून ऊसतोड मजूर येतात. जोडपं पहाटे अंधारात फडात जातं. कोपीवर आठ वर्षांची ताई आणि दोन वर्षांचं लेकरू, हातात फुटक्या काचेचा मोबाईल. तिकडं बंगल्यात दोघंही नोकरीला, सांभाळायला बाई, आणि टॅबलेट. भाकरीचा घास तोंडात जावा म्हणून दोन्हीकडं तेच कार्टून चालू आहे. त्यामुळं आईला दोष देऊ नका. मोबाईल हा आज गरिबाचा पाळणा आहे.

पण धोका समजून घ्या. टीव्हीवर निदान कायदा आहे. केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमांत मुलांच्या कार्यक्रमांत अर्वाच्य भाषा आणि उघड हिंसा नको, असं लिहिलंय. मोबाईलवर कुणीही काहीही चढवतो. 2017 साली जगभर ओरड झाली, कारण मुलांच्या लाडक्या पात्रांचे चेहरे वापरून भलतेच हिंसक आणि विकृत व्हिडिओ यूट्यूबवर पसरले होते. वरून दिसायला कार्टून. नाव आणि रंग बघून आई पोळ्या लाटायला गेली, की आत काय चाललंय हे तिला कसं कळणार?

मग करायचं काय?

पहिलं, वय. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला साधा आहे : दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला तासाच्या आत, तोही मोठ्यांच्या सोबत.

दुसरं, आवाज. कानात काही घालू नका, मोबाईलचा आवाज उघडा ठेवा. स्वयंपाक करतानाही कानाला कळतं, किंकाळ्या चालल्यात की गाणं. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करा. गोष्ट संपू द्या.

तिसरं, एक प्रश्न. मारामारी झाली की सहज विचारा, "त्याला लागलं असेल का रे?" बस, एवढंच. कार्टून जे दाखवत नाही, ते दुखणं, ते तुमच्या प्रश्नातून परत येतं.

चौथं, शिक्षकांसाठी. मुलाला कार्टून बघू देण्यापेक्षा करू द्या. वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर एक चेंडू काढा, दर पानाला थोडा वर. पानं फरफर सोडा, चेंडू उडतो. ही कला आपल्याकडं जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट काढण्याआधी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं टिपून पडद्यावर दाखवलं होतं. प्रभातनं 1934 मध्ये 'जंबू काका' नावाचं कार्टून केलं होतं. ज्या मुलानं स्वतः चेंडू उडवला, त्याला कळतं की पडद्यावरचं सगळं कुणीतरी केलेलं आहे. पडदा खरा वाटणं हाच धोका वाढवतो, हे आपण मघाशी पाहिलं. ते इथं कमी होतं.

पाचवं, गाव. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं 2022 पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. एकट्या आईनं बंद केलं तर ती वाईट होते, गावानं केलं तर शिस्त होते. आणि कमी केल्यानं फरक पडतो का? 2001 साली स्टॅनफर्डच्याच थॉमस रॉबिन्सन यांनी तिसरी-चौथीच्या मुलांना सहा महिने, अठरा पाठांतून, पडदा कमी करायला शिकवलं. दुसऱ्या शाळेशी तुलना केली, तर वर्गमित्रांनीच सांगितलं की या मुलांची दांडगाई कमी झाली. म्हणजे हा बाण परत भात्यात घेता येतो.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : छोटा भीमसुद्धा मारामारी करतो. तो बंद करू का?
उत्तर : बंद कशाला, ताई? भीम दुबळ्यासाठी मारतो, म्हणून मुलाला आवडतो. पण चांगल्या माणसानं मारलं की ते बरोबरच, हाही एक धडा त्यात जातो. संशोधक म्हणतात, आवडत्या हिरोनं केलेल्या, कौतुक झालेल्या हिंसेची नक्कल जास्त होते. म्हणून विचारा, "न मारता सोडवता आलं असतं का?" मुलं भन्नाट उत्तरं देतात.

प्रश्न : आमचं पोरगं मोबाईल काढला की डोकं आपटतं.
उत्तर : एकदम हिसकावू नका. आधी सांगा, "ही गोष्ट संपली की बंद." संपली की हातात दुसरं काहीतरी द्या, कणकेचा गोळा, शेंगा सोलायला, काहीही. पहिले काही दिवस जोरात रडेल. घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळा. आजोबांनी लपून दिला तर संपलं! (हशा) तरी स्वतःला इजा करत राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : त्या आजींना तुम्ही काय सांगितलं?
उत्तर : म्हणालो, खरं सांगा. "देवाघरी गेले, येतील" असं सांगू नका, लेकरू दारात वाट बघत बसेल. त्याला म्हणा, "टॉम चित्रातला आहे बाळा. चित्र काढणारा त्याला परत काढतो, म्हणून तो उठतो. आजोबा खरे होते. खरं माणूस गेलं की उठत नाही. मलापण त्यांची आठवण येते." आजी जरा वेळ गप्प बसल्या. मग लेकराला तिथंच, पारावर, मांडीवर घेतलं आणि हेच सांगितलं, आपल्या भाषेत. ते रडलं. त्याही रडल्या. मला वाटतं, आजोबा गेल्यापासून ती दोघं पहिल्यांदाच एकत्र रडली. हे काम कुठलाही पडदा करू शकत नाही.

थांबतो. जाताना सावकाश जा. नमस्कार.